माझा हात धजेल का?



या आठवड्यात बिबड्यांविषयी लिहायचे कबूल केले होते. ज्वारी किती दिवस भिजवायची, चीक कसा शिजवायचा, सगळे टिपण तयार होते. पण मंगळवारच्या टपालात धुळ्याहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आणि बिबडे बाजूला ठेवावे लागले. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. लहानपणी पायाच्या हाडात पू झाला, गुडघ्याजवळ हाड जिथून वाढते ती जागाच खराब झाली आणि डावा पाय मागे राहिला. आज चार सेंटिमीटरचा फरक आहे. मुंबईला पाय लांब करण्याचे ऑपरेशन झाले, नडगीभोवती धातूच्या रिंगा बसवल्या आणि येत्या शनिवारी मायलेकी घरी येणार आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "ताई, रोज चार वेळा पान्याने नट फिरवायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, घरी आईच करते. मला साधे इंजेक्शन बघवत नाही. माझा हात धजेल का?"

या बाईंना पत्राने उत्तर पाठवले आहेच. पण असे रुग्ण आपल्या घराघरांतून असतात. पाय वाकडा जुळलेला, महामार्गावरच्या अपघातात हाडाचा तुकडाच गेलेला, जन्मतःच एक पाय आखूड असलेला. पोलिओची आता धास्ती नाही (भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला), पण त्याने आखूड केलेले पाय घेऊन वावरणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका आपल्यात आहेत. म्हणून आज हे उत्तर सगळ्यांसाठी. आणि मी ते ऐकीव माहितीवर देत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेची मुलगी अशाच रिंगा घालून आमच्याकडे चार महिने होती. वन्संचे घर धुळ्यात माडीवर, जिना अरुंद. आमचे जळगावचे घर तळमजल्यावर. म्हणून मुलगी मामीकडे आली. पोरीला गाडीतून उतरवले तेव्हा आमच्या सासूबाई पायाकडे बघून अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "व माय! हाई काय शे?"

हे आहे तरी काय, ते आधी थोडक्यात सांगते, कारण ते समजले की हात निम्मा धजतो.

ही पद्धत शोधली सैबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी, 1950 च्या सुमारास. मोडलेले हाड जुळावे म्हणून ते पायाभोवती रिंगा बसवत आणि हाडाची टोके जवळ आणत. असे सांगतात की एका रुग्णाने नट चुकून उलटे फिरवले, टोके जवळ येण्याऐवजी लांब गेली, आणि बघतात तो मधल्या फटीत नवे हाड धरलेले! पुढे टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतला सुवर्णपदक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल याचा मोटारसायकल अपघातात चुराडा झालेला पाय त्यांनी उभा केला. 1980 साली कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक कुर्गानहून बरा होऊन परतला, तेव्हा पश्चिमेकडच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. आपल्या महाराष्ट्रात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी, अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांनी ही विद्या रुजवली. अकोल्याला तर या तंत्राचे केंद्रच आहे. जळगाव-भुसावळच्या मंडळींना रेल्वेने सकाळी जाऊन रात्री परत येता येते.

ऑपरेशनमध्ये हाड बेताने कापतात, त्याच्यावरचे आवरण आणि रक्तपुरवठा शक्य तेवढा राखतात. मग पाच-सात दिवस, कधी दहा दिवस, काहीच करायचे नाही. जखमेला धागा धरू द्यायचा. त्यानंतर रोज एक मिलिमीटर ताण. एकदम एक मिलिमीटर नव्हे, पाव-पाव करून चार वेळा. वेगाने ताणले तर नसा ओढल्या जातात आणि फट रिकामी राहते. हळू ताणले किंवा खाडे केले तर हाड आधीच जुळून बसते आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. हिशेब करून पाहा. चार सेंटिमीटर म्हणजे चाळीस दिवस, म्हणजे एकशे साठ वेळा. ताणणे संपल्यावर नवे हाड कडक व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. एका सेंटिमीटरला एकंदर महिना ते दीड महिना रिंगा पायावर राहतात, मोठ्या माणसाला आणखी जास्त. म्हणजे या मुलीच्या रिंगा दिवाळीच्या आसपास निघतील. हे आधीच घरात सगळ्यांना सांगून टाका. "महिन्याभरात बरी होईल" असे कोणी पोरीला सांगितले असेल तर ते आजच दुरुस्त करा. खोट्या तारखेने मूल जितके खचते तितके दुखण्यानेही खचत नाही.

आता पाना. तो दहा नंबरचा असतो, रुग्णालयातूनच मिळतो. घरातल्या स्कूटरच्या डब्यातला तेलकट पाना वापरू नये. (आमच्याकडे "हे तर सोपं आहे" म्हणत तो काढला गेला होता. कोणी काढला ते सांगत नाही.) नट चौकोनी असेल तर पाव फेरा म्हणजे बरोबर एक बाजू. पण षटकोनी असेल तर पाव फेरा म्हणजे दीड बाजू, आणि इथेच घोळ होतो. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वी तुमच्या स्वतःच्या हाताने, डॉक्टर किंवा सिस्टर समोर असताना, दोन-तीनदा फिरवून दाखवा. कोणता नट सैल करायचा, कोणता घट्ट, कोणत्या दिशेने, हे लिहून घ्या. नटाच्या एका बाजूला नखे रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका द्या आणि रिंगेवर बाण काढा. जितक्या सळ्या ताणायच्या सांगितल्या असतील तितक्या सगळ्या, एकामागून एक. मग वहीत खूण.

वेळा आम्ही सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दहा अशा डॉक्टरांना विचारून ठरवल्या होत्या. मध्यरात्री उठायची गरज नसते, तुमचीही झोप महत्त्वाची आहे. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळेला दोन फेरे देऊन हिशेब पुरा करू नका. फोन करून विचारा. आणि दर आठवड्याला दोन रिंगांमधले अंतर मोजपट्टीने मोजून वहीत लिहा. सात दिवसांत सात मिलिमीटर वाढले पाहिजेत. न वाढल्यास कुठेतरी चुकते आहे. क्ष-किरण फोटो दहा-पंधरा दिवसांनी निघतोच, पण तोवर ही वहीच तुमचा डोळा.

फिरवताना दुखते का? नट फिरवण्याच्या क्षणी फारसे नाही. थोडी ओढ जाणवते, इतकेच. खरी ओढ नंतर लागते, विशेषतः रात्री, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढते, कारण हाड मुकाट्याने वाढते पण पोटरीचे स्नायू कुरकुर करतात. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरला की पाना रिंगेवर वाजत होता. भाची म्हणाली, "मामी, मला दुखत नाहीये, तुम्हीच घामाघूम झालात." पाचव्या दिवशी तिने पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फिरवला. त्यानंतर मी फक्त वहीत खुणा करायची. धुळ्याच्या भगिनींना माझे हेच सांगणे आहे. तुमचा हात चार दिवस धजला तरी पुरे, चौदा वर्षांची मुलगी पुढचे स्वतः करू शकते, तुम्ही शेजारी बसून मोजायचे. आपल्या पायाचा पाना आपल्या हातात आला की मुलांची भीती कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा पान्याची काळजी सोडा. घरात नुकसान होते ते निराळ्याच गोष्टीने. ते सांगताना मला आजही लाज वाटते.

भाचीचा गुडघा सरळ ठेवला की पोटरी ओढायची. रात्री ती कण्हायची. एका रात्री मला राहवले नाही, मी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. गुडघा थोडा वाकला, ओढ कमी झाली, पोर झोपली. मला वाटले, केवढे पुण्य केले! मग रोजच उशी. दिवसाही उशी. व्यायामाच्या वेळी ती रडली की मी म्हणायची, "राहू दे गं आज." वन्सं फोनवरून विचारायच्या, मी म्हणायची छान झोपते आता. अठरा दिवसांनी तपासणीला गेलो तर गुडघा सरळच होईना. पाऊलही खाली झुकायला लागलेले, टाच टेकेना. ताणणे काही दिवस थांबवावे लागले. पुढचे सहा आठवडे फिजिओथेरपीच्या बाईंनी जो गुडघा सरळ केला, त्यात पोरीला त्या उशीने वाचवलेल्या दुखण्याच्या दसपट दुखले. त्या बाई मला एवढेच म्हणाल्या, "काकू, उशी टाचेखाली द्यायची असते."

टाचेखाली! म्हणजे गुडघा आपोआप सरळ राहतो. इतकी साधी गोष्ट. रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली होती, मी वाचलीही होती. पण रात्री दोन वाजता कागद आठवत नाही, माया आठवते.

म्हणून ही गोष्ट भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा, म्हणजे घरातल्या आजी, आत्या, शेजारणी कोणीही माया करायला आल्या तरी वाचतील. गुडघ्याखाली काही ठेवायचे नाही. झोपताना, बसताना पाय सरळ. दिवसातून पाच-सहा वेळा जुना पंचा चवड्याला अडकवून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल आपल्याकडे ओढायचे आणि सावकाश तीस आकडे मोजायचे. पाऊल झुकू नये म्हणून रिंगेला जोडून पट्टा देतात. आमच्याकडे स्लीपरच्या पुढच्या भागाला रबराच्या पट्ट्या बांधून त्या वरच्या रिंगेला अडकवल्या होत्या, पाऊल काटकोनात राहायचे. रात्रीसुद्धा. व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी द्यावी, म्हणजे गोळीचा उपयोग होतो. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्या मात्र नकोत. काही वेदनाशामके नव्या हाडाच्या वाढीला बरी नसतात, म्हणून कोणती चालेल ते विचारूनच. आणि पोटरीला तेल लावून चोळणे, हाडवैद्याकडून "नस बसवून घेणे", शेकणे, यातले काहीएक करू नका. आत नवे हाड दह्यासारखे नुकते धरत असते.

दुसरी रोजची कामगिरी तारांची. भाचीच्या पायात आठ तारा होत्या, म्हणजे कातडीला सोळा छिद्रे. प्रत्येक रुग्णालयाची साफ करायची रीत थोडी वेगळी असते, कोणी रोज सांगतात, कोणी आठवड्यातून एकदा-दोनदा, कोणी सलाईनने, कोणी औषधी द्रावणाने. तुम्हाला सांगितली असेल तीच करा, शेजारच्या बाईंना सांगितलेली नको. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत, बांगड्या मागे साराव्यात, एका छिद्राचा कापूस दुसऱ्याला लावू नये, छिद्राकडून बाहेर पुसत जावे. उघडलेली सलाईनची बाटली आठवडाभर पुरवायची काटकसर इथे करू नये. छिद्रातून थोडे पाण्यासारखे आले तर घाबरायचे नाही. लाली पसरली, घट्ट पिवळे येऊ लागले, एकाच तारेशी ठणका लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वेळेवर कळवले तर बहुधा गोळ्यांवर भागते. हळद, तूप, पावडर, राख यांपैकी काही लावू नये. हळद गुणकारी आहे हे मलाही ठाऊक आहे, ती दुधात घाला.

आपल्या खानदेशचा उन्हाळा इथे वैरी आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, घाम तारांशी साचतो. कॉटनचे सैल कपडे, कूलरचे पाणी रोज बदललेले, खोलीत माश्या नकोत. उन्हात बसवू नका, रिंगा तापतात. आंघोळीला डॉक्टरांनी परवानगी दिली की वाहत्या स्वच्छ पाण्याने पाय धुवून स्वच्छ पंचाने टिपून कोरडा करावा. बादलीत, टाकीत किंवा नदीत पाय बुडवायचा नाही. नळाला रोज पाणी येत नसेल तर या कामाचे पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात उकळून ठेवावे.

शिवणाचे थोडे सांगते, कारण हे कागदावर कोणी लिहून देत नाही. सलवारची एका पायाची बाहेरची शिवण पूर्ण उसवून तिथे टिचबटणे लावा. परकर किंवा गाऊन असेल तर प्रश्नच नाही. जुन्या सुती साडीचा, वर-खाली नाडी असलेला, थैलीसारखा अभ्रा शिवून रिंगांवर चढवा. चादरी फाटत नाहीत, दुसऱ्या पायाला ओरखडे येत नाहीत, धूळ बसत नाही, आणि बघायला येणाऱ्यांच्या नजराही थोड्या वाचतात. दोन शिवा, एक धुण्यात एक वापरात. भाचीने तिच्या अभ्र्याला आरसे लावून घेतले होते. शौचाला खुर्चीचा संडास हवा. घरात नसेल तर मधे गोल कापलेली खुर्ची भाड्यानेही मिळते, ती मूल घरी यायच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा. वॉकर अडणार नाही असे पायपुसणे, उंबऱ्याजवळची चप्पल, वायर, सगळे उचला.

हो, चालायचे असते! बायका दचकतात. या रिंगांचा गुणच हा आहे की त्या शरीराचा भार पेलू शकतात, आणि भार पडला की नवे हाड जोमाने धरते. किती भार, कधीपासून, हे डॉक्टर सांगतील. पण "अंथरुणावर निजून आराम" हा इथे उपचार नव्हे, अपकार आहे. दिवसातून चार-पाच वेळा वॉकर धरून ओसरीपर्यंत तरी यावे.

खाण्याविषयी पत्रे येतातच, म्हणून. हाडाला प्रथिने लागतात आणि कॅल्शियम लागते. केळी आपल्याकडे उदंड, पण केळ्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. केळी खावीत ती ताकदीसाठी. कॅल्शियमसाठी दूध-दही-ताक, तीळ आणि नागली. साक्रीकडची नागली आता बाजारात सहज मिळते, तिची भाकरी किंवा आंबील करा. पेलाभर दुधात साधारण तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, दिवसाची गरज हजाराच्या आसपास. प्रथिनांना आपली उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी उत्तम, खात असाल तर अंडी. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट कडक होते, तेव्हा पपई, पालेभाजी, भरपूर पाणी. भरीत द्या, पण शेवभाजीचा तिखट रस्सा थोडे दिवस बाजूला. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. घरात राहणाऱ्या आपल्या मुलींमध्ये ते हमखास कमी निघते. आणि एक कडू गोष्ट. रुग्ण मोठी बाई असेल आणि मशेरी लावत असेल तर ती बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि हाड धरायला उशीर होतो. घरातल्या पुरुषांनीही विडी-सिगारेट तिच्या खोलीत ओढू नये, हे सांगायला संकोच करू नका.

रात्रीबेरात्री केव्हा धावायचे, तेही माहीत हवे. पायाची बोटे बधिर झाली, वर उचलता येईनात, गार किंवा पांढरी-निळी पडली. गोळी देऊनही न थांबणारी, वाढतच जाणारी कळ आली. थंडी वाजून ताप आला. पोटरी किंवा मांडी एकदम सुजली, छातीत दुखून दम लागला. तार तुटल्याचा "टण्" असा आवाज झाला. यात सकाळची वाट पाहू नका. बोटे बधिर असतील तर पुढचा फेराही विचारल्याशिवाय देऊ नका. मुंबई-पुण्याचे डॉक्टर फोनवर असले तरी जवळ कोणीतरी हवे, म्हणून गावातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना आधीच भेटून कागद दाखवून ठेवा. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावलाही 2018 पासून शासकीय महाविद्यालय आहे. खर्चासाठी शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी विचारावे, नंतर नव्हे.

हल्ली दुसऱ्या तऱ्हेचीही पत्रे येतात. "मुलगी चार फूट अकरा इंच आहे, स्थळे परत जातात, पाय लांब करून उंची वाढवता येते म्हणे." येते. दोन्ही धडधाकट पायांची हाडे कापून, हेच सगळे महिने, हेच धोके पत्करून. आता हाडाच्या आत बसणारी, बाहेरून चुंबकाने लांबवायची सळईही निघाली आहे. ती महाग असते, रिंगा टळतात, पण पोटरीची ओढ आणि व्यायाम टळत नाहीत. निरोगी मुलीला हे सोसायला लावणारे स्थळ परत गेले तर जाऊ द्यावे, असे माझे मत. रागवायचे तर रागवा.

मुलीच्या मनाविषयी मात्र दोन शब्द जास्त लिहिते. पहिला आठवडा कौतुकात जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल चिडते, जेवत नाही, "काढून टाका हे" म्हणते. भाचीने एकदा ताट भिरकावले होते. त्या वेळी समजावू नये, वही उघडून दाखवावी. "काल सतरा मिलिमीटर होते, आज अठरा." बघायला येणाऱ्या बायकांना दारातच सांगावे की "बिचारी" हा शब्द आत नेऊ नका. लग्नाचे कसे होणार, हा विषय तर पोरीच्या कानावर जाता कामा नये. शाळेची पुस्तके, मैत्रिणी, कॅरम, जे काही तिला आवडते ते खाटेजवळ हवे. आणि आईने रोज तासभर तरी त्या खोलीबाहेर जावे. वडिलांना पाना फिरवायला शिकवा, ते शिकतात.

राहता राहिली ती चपलेची गंमत. सुरुवातीला पाय आखूडच असतो, त्यामुळे चालताना टाच टेकावी म्हणून त्या पायाच्या चपलेला जाड तळ लागतो. आमच्याकडे मोचीने रबराच्या एकेक सेंटिमीटरच्या चकत्या एकावर एक चिकटवून दिल्या होत्या. पाच सेंटिमीटरला पाच चकत्या. डॉक्टरांना विचारून दर दहा दिवसांनी एक चकती सोलून काढायची. भाची त्या दिवसाची वाट पाहायची. मोची पंचायतीजवळ बसायचा, तो घरी येऊन चाकूने चकती सोलायचा आणि सोललेली चकती तिच्या हातात द्यायचा. मधे माझ्या उशीपायी दिवस वाया गेले, तेव्हा तो दोनदा येऊन तसाच परत गेला. पाचवी चकती निघाली त्या दिवशी तिने दोन्ही पायांत सारख्या चपला घालून ओसरीवर उभे राहून पाहिले. त्या पाचही चकत्या तिच्या धुळ्याच्या घरी अजून एका डब्यात आहेत, वन्सं टाकू देत नाहीत.

धुळ्याच्या भगिनींनी चार चकत्या लावून घ्याव्यात. बिबड्यांचे पुढच्या आठवड्यात नक्की.